फोटोवर ‘१८९०’ लिहिलंय म्हणून तो १८९०चा होत नाही

मुंबईत एखादं जुनं बांधकाम पाडायला घेतलं की दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या फोटोंचा पूर येतो. कर्नाक पुलाच्या वेळी हे झालं, २०२५ मध्ये प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल बंद झाला तेव्हाही झालं. फोटो बहुतेक रंगवलेला असतो आणि खाली ठोकून लिहिलेलं असतं: ‘१८९० सालची मुंबई’. फोटोत मात्र दुमजली ट्राम निवांत वळण घेत असते. दुमजली ट्राम मुंबईच्या रस्त्यावर आली १९२० मध्ये. म्हणजे मथळा किमान तीस वर्षांनी चुकलेला.

फोटो खरा आणि तारीख खोटी, अशी बरीच फसवणूक असते, आणि ती पकडायला इतिहासाची पदवी लागत नाही. कुठे बघायचं आणि काय गृहीत धरायचं नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ आहे.

तारीख म्हणजे एक आकडा नव्हे, दोन टोकं

घरातल्या लग्नाच्या ग्रुप फोटोचं साल आपण कसं काढतो? धाकटी काकू फोटोत आहे, म्हणजे तिचं लग्न झाल्यानंतरचा. आजोबा आहेत, म्हणजे ते गेले त्याच्या आधीचा. शहराच्या फोटोचंही हेच. फोटोत जे दिसतं ते ‘याच्या आधीचा असू शकत नाही’ हे टोक देतं. जे नाहीसं झालंय पण फोटोत अजून आहे, किंवा जे अजून उभं राहायचंय, ते ‘याच्या नंतरचा असू शकत नाही’ हे टोक देतं. ही दोन टोकं जवळ आणत जायचं, एवढंच काम. शेवटी १९०२ असा आकडा हाती येईलच असं नाही. बहुतेक वेळा ‘१८९३ ते १९०५’ असा पट्टा मिळतो, आणि तेच प्रामाणिक उत्तर असतं.

बोरीबंदरचा एक नमुना घेऊ. समोर व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं सीएसएमटी, घुमटासकट पूर्ण. या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि सुमारे दहा वर्षं चाललं. म्हणजे फोटो १८८८च्या आसपासचा किंवा नंतरचा. समोरच्या कोपऱ्यात महापालिकेची इमारत, तिचाही मनोरा पूर्ण. ती १८९३ मध्ये उभी राहिली, तेव्हा पहिलं टोक १८९३वर सरकलं. रस्त्यात रुळांवरून ट्राम चाललीय, पण पुढे घोडे जुंपलेत. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ला सुरू झाली आणि १९०५ मध्ये बंद पडली. झाला पट्टा तयार. शिवाय स्टेशनच्या दर्शनी भागावर घड्याळाखालच्या कोनाड्यात राणीचा पुतळा दिसत असेल तर फोटो ब्रिटिश अमदानीतला किंवा त्याच्या अगदी लगतचा. स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला आणि कोनाडा आजही रिकामा आहे.

रस्त्यावरचं कॅलेंडर

इमारती शंभर वर्षं उभ्या राहतात, त्यामुळे त्या तारखेला ढोबळच मदत करतात. रस्त्यावरची वाहनं आणि तारा लवकर बदलतात, म्हणून आधी तिकडे बघावं. रस्त्याच्या मधोमध किंवा कडेला खांब आणि त्यांवरून ट्रामची तार गेलेली दिसली तर ७ मे १९०७च्या पुढे या, कारण विजेची ट्राम त्या दिवशी सुरू झाली. बस दिसली तर १५ जुलै १९२६च्या पुढे. पहिली बस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. दुमजली बस १९३७पासून. ट्राम अजून धावतेय, तर ३१ मार्च १९६४च्या आधी. त्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली.

लोकल गाडीवर तारा आहेत का, तेही बघा. मुंबईत विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला धावली. चर्चगेट–बोरिवली मार्गावर वीज आली १९२८ मध्ये. मोटारीच्या पाटीवर ‘एमएच’ वाचता आलं तर फोटो १९८९च्या आधीचा नाही.

सर्वात नेमकी तारीख देतात सिनेमाच्या जाहिराती. मोठं पोस्टर स्पष्ट असेल तर सिनेमा लागल्याची तारीख शोधून फोटो काही आठवड्यांपर्यंत आणता येतो. फक्त एक भानगड असते: गाजलेले सिनेमे पुन्हा पुन्हा मॅटिनीला लागायचे. चित्रपटगृहाच्या दर्शनी भागावरचं मोठं चित्र बहुधा नव्या खेळाचं असतं, भिंतीवर चिकटवलेलं छोटं पोस्टर जुन्या खेळाचंही असू शकतं. दुकानांच्या पाट्यांचा उपयोग थोडा वेगळा. त्या काळी दरवर्षी निघणाऱ्या व्यापारी डिरेक्टऱ्यांमध्ये पेढीचं नाव आणि पत्ता असे. एखादी पेढी एका पत्त्यावर कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत छापली गेली, हे बघितलं की दोन्ही टोकं एकदम मिळतात.

‘नाही’ हा पुरावा कधी धरायचा?

इथेच जास्त चुका होतात. एखादी गोष्ट फोटोत दिसत नाही याचा अर्थ ती तेव्हा नव्हती, असं म्हणायला एक अट आहे: ती असती तर चौकटीत दिसायलाच हवी होती. झाडामागे, गाडीमागे किंवा चौकटीच्या बाहेर असलेली गोष्ट काहीच सिद्ध करत नाही.

अपोलो बंदर या बाबतीत सोपं आहे. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ला उघडलं. गेटवेचा पाया ३१ मार्च १९१३ला घातला गेला आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ला झालं. समुद्रातून किंवा बंदराच्या धक्क्यावरून घेतलेल्या फोटोत ताज आहे आणि गेटवेची जागा मोकळी आहे, तर फोटो या दोन्हींच्या मधला. (‘१९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज गेटवेतून उतरला’ हा मथळा म्हणूनच चूक, तेव्हा तिथे पक्का गेटवे नव्हता. तो बांधला गेला त्या भेटीच्या आठवणीसाठी.) गेटवेसमोरच्या बागेत शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसला की पहिलं टोक थेट २६ जानेवारी १९६१वर येतं. आणि पुतळा आहे पण जुन्या ताजशेजारचा उंच टॉवर अजून नाही, तर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीच्या आधीचा. म्हणजे जेमतेम दहा-बारा वर्षांचा पट्टा.

जागा हललेले पुतळेही असेच कामाचे. काळा घोडा चौकातला मूळ काळा घोडा, पाठीवर स्वार असलेला, १८७९ला बसवला आणि १९६५ मध्ये भायखळ्याला राणीच्या बागेत हलवला. आज चौकात दिसतो तो स्वाराविना घोडा २०१७ मधला. त्यामुळे फोटोत घोडा आहे की नाही यापेक्षा घोड्यावर स्वार आहे की नाही, हे बघा.

रस्ता किती रुंद होता, ते मोजता येतं

‘पूर्वी रस्ते केवढे रुंद होते’ असं सगळेच म्हणतात. ट्रामचे रूळ दिसत असतील तर ते तपासता येतं, कारण मुंबईच्या ट्रामच्या दोन रुळांतलं अंतर ४ फूट साडेआठ इंच, म्हणजे सुमारे १.४३ मीटर. हीच आपली फूटपट्टी.

फोटो रस्त्याच्या लांबीच्या दिशेने काढलेला हवा, तिरका नको. फोटोवर एक आडवी रेघ आखा. त्या रेघेवर दोन रुळांतलं अंतर मोजा, समजा ६ मिलिमीटर. त्याच रेघेवर एका फुटपाथच्या कडेपासून दुसऱ्या फुटपाथच्या कडेपर्यंत मोजा, समजा ७५ मिलिमीटर. ७५ भागिले ६ म्हणजे साडेबारा. साडेबारा गुणिले १.४३, म्हणजे रस्ता साधारण १८ मीटर. रेघ एकच असावी, हे महत्त्वाचं. रूळ पुढे मोजले आणि रस्ता मागे मोजला तर उत्तर दुपटीनेही चुकतं, कारण दूरच्या गोष्टी आकसतात. आणि रुळांचं अंतर ६ मिलिमीटर असताना मोजण्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर रस्ता दीड मीटरने इकडेतिकडे होतो. म्हणून शक्य तितक्या पुढच्या, मोठ्या दिसणाऱ्या भागात मोजावं.

असं मोजून बघितलं तर अनेकदा कळतं की इमारतींच्या दोन रांगांतलं अंतर फारसं बदललेलंच नाही. बदललं ते त्या अंतराचं वाटप: फुटपाथ आक्रसला, कडेला गाड्या उभ्या राहिल्या, मधे दुभाजक आला.

तेव्हाचा फोटोग्राफर नेमका कुठे उभा होता?

तेव्हाचा आणि आत्ताचा फोटो शेजारीशेजारी ठेवायचा तर कॅमेरा त्याच जागी हवा. ‘साधारण तिथूनच’ काढलेल्या जोडफोटोवरून निष्कर्ष काढायला जाऊ नये.

जागा शोधायची पद्धत अशी. जुन्या फोटोत एक जवळची आणि तिच्या मागे दूरची अशी जोडी निवडा, उदाहरणार्थ कोपऱ्यावरच्या इमारतीची कड आणि तिच्यामागून डोकावणारा राजाबाई टॉवर. आज दोन्ही उभ्या असाव्यात. फोटोत टॉवर जेवढा झाकलाय तेवढाच दिसेपर्यंत आडवे सरका. तुम्ही उजवीकडे सरकलात की जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या मानाने डावीकडे सरकते, एवढं लक्षात ठेवलं की कुठल्या बाजूला जायचं ते कळतं. ही जोडी तुम्हाला जमिनीवरची एक रेघ देते. फोटोच्या दुसऱ्या बाजूची दुसरी जोडी दुसरी रेघ देते. दोन्ही रेघा छेदतात ती कॅमेऱ्याची जागा.

उंचीही काढता येते. रस्त्याच्या दोन्ही कडा आणि इमारतींच्या आडव्या पट्ट्या लांबवल्या की त्या दूर एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूतून जाणारी आडवी पातळी म्हणजे कॅमेऱ्याची उंची. ती उभ्या माणसांच्या डोक्यांजवळून जात असेल तर फोटोग्राफर रस्त्यावर होता. ती पहिल्या मजल्याच्या खिडक्यांतून जात असेल तर तो कुणाच्या तरी गॅलरीत उभा होता, आणि आज तुम्ही फुटपाथवर कितीही मागेपुढे झालात तरी फोटो जुळणार नाही.

नेहमीची चूक म्हणजे झूम करून जुळवणं. झूमने चौकट लहानमोठी होते. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंच्या आकारांचं प्रमाण बदलत नाही. ते बदलतं फक्त तुम्ही पुढे किंवा मागे गेल्यावर. आधी पायाने जागा जुळवा, मग झूमने चौकट. मुंबईत तरीही अडतंच: ती जागा आता भर वाहतुकीत असते, नाहीतर मेट्रोच्या पत्र्यामागे, नाहीतर मधे पर्जन्यवृक्ष वाढलेला असतो. वृक्षांपुरता उपाय म्हणजे पानगळ झाल्यावर जाणं.

सावली आणि घड्याळ

मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १९ अंशांवर आहे. वर्षभर भरदुपारी सावली उत्तरेकडे पडते, पण साधारण १५ मे ते २७ जुलै या काळात सूर्य डोक्याच्याही उत्तरेला जातो आणि दुपारची छोटीशी सावली दक्षिणेकडे पडते. रस्त्याची दिशा नकाशावरून माहीत असेल तर एवढ्यावरून भरदुपारचा फोटो या अडीच महिन्यांतला की बाकीच्या वर्षातला, ते सांगता येतं. दुसरी खूण: डिसेंबरातही भरदुपारी सावली वस्तूच्या उंचीच्या सुमारे नऊ दशांशच असते. सावली वस्तूपेक्षा लांब दिसली तर फोटो सकाळचा किंवा दुपार कलल्यानंतरचा. सीएसएमटीचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, म्हणून तो उन्हात उजळलेला असेल तर वेळ दुपारनंतरची.

मनोऱ्यावरचं घड्याळ वाचता आलं तर उत्तमच, पण जपून. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबई शहराने आपली स्थानिक वेळ १९५५पर्यंत धरून ठेवली होती. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. रेल्वे एका वेळेवर, शहर दुसऱ्या वेळेवर. सावली आणि घड्याळ जुळत नाहीत असं वाटलं तर आधी ही ३९ मिनिटं आठवा.

स्कायलाइन का बदलली, हे फोटो सांगत नाही

स्कायलाइन म्हणजे इमारतींच्या माथ्यांची आकाशावर उमटणारी रेघ. ती बदलल्याचं फोटो दाखवतो. का बदलली त्याचं उत्तर कायद्यात आणि समुद्रात टाकलेल्या भरावात असतं.

राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला, उंची २८० फूट. त्यावरून पश्चिमेकडे बघणाऱ्या जुन्या फोटोत ओव्हल मैदान, पलीकडे रेल्वे आणि लगेच समुद्र. हीच चौकट १९४०च्या दशकात घेतली तर ओव्हलच्या पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची सरळ रांग, मागे आणखी रांगा आणि मग मरीन ड्राइव्ह. समुद्र मागे गेला तो बॅक बे, म्हणजे पश्चिमेच्या उपसागरात घातलेल्या भरावामुळे. मरीन ड्राइव्हच्या दर्शनी इमारतींचे माथे जवळपास एका पातळीत दिसतात, ते उंचीवर बंधन होतं म्हणून. भरावाचं उरलेलं काम रखडलं आणि पुढे १९६०–७०च्या दशकांत नरिमन पॉइंट झाला. एक्सप्रेस टॉवर्स, एअर इंडियाची २३ मजली इमारत, ओबेरॉय, सगळं त्या काही वर्षांतलं. मरीन ड्राइव्हच्या फोटोत दक्षिण टोकाला ही गर्दी आहे की नुसतं पाणी, यावरून फोटो सत्तरीच्या अलीकडचा की पलीकडचा ते एका नजरेत कळतं.

गिरणगावात गोष्ट उलटी आहे. तिथली जुनी स्कायलाइन म्हणजे धुराडी: चाळींची कौलं, गिरण्यांची करवतीसारखी छपरं आणि वर विटांची धुराडी. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा कधीच पूर्ण उभ्या राहिल्या नाहीत. तरी १९९०च्या फोटोंत धुराडी जागेवरच आहेत. टॉवर आले ते १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी खुल्या केल्यावर, आणि त्यातही २००१ मध्ये नियम बदलून, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवल्यावर. संपाने गिरण्या थांबवल्या, आकाश बदललं ते नियमाने. फोटोंची नीट लावलेली माळ हे अंतर दाखवते. ‘तेव्हा’ आणि ‘आता’ असे दोनच फोटो ते झाकतात.

‘पण तेव्हा मुंबई किती मोकळी आणि स्वच्छ होती!’

हा आक्षेप नेहमीचा, आणि त्याला दोन उत्तरं आहेत. पहिलं रसायनाचं. १८५०–७०च्या दशकांत काचेवर ओलं कोलोडियन (एक चिकट रासायनिक द्रव) लावून फोटो घेत. काच वाळायच्या आत सगळं उरकावं लागे आणि कॅमेऱ्याच्या भिंगाचं झाकण काही सेकंद उघडं ठेवावं लागे. त्या वेळात चालणारा माणूस काचेवर उमटतच नाही, थांबलेली बैलगाडी उमटते. रिकामा रस्ता म्हणजे अनेकदा चालता रस्ता. नीट बघा: जमिनीलगत पुसट भुतासारखे पट्टे दिसतात, किंवा घोड्याला धड असतं आणि डोकं नसतं. १८८०नंतर कोरड्या काचा रुळल्या आणि फोटोंत अचानक गर्दी दिसू लागली. लोकसंख्या रातोरात वाढलेली नव्हती. त्याच काचांना निळा प्रकाशच जास्त कळायचा, म्हणून आकाश पांढरंफटक आणि दूरचे डोंगर धुरकट. त्यावरून तेव्हाची हवा ठरवू नये, वाईटही नाही आणि चांगलीही नाही.

दुसरं उत्तर गिऱ्हाइकाचं. मुंबईत फोटोग्राफीची संस्था १८५४ मध्ये निघाली, हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे देशी व्यावसायिकही लवकरच आले. पण विकायचे फोटो होते फोर्टचे, मलबार हिलचे, नव्या सरकारी इमारतींचे. मांडवी, कामाठीपुरा, नागपाडा इथे कॅमेरा मोठ्या संख्येने शिरला तो १८९६च्या प्लेगच्या साथीत, तोही सरकारी कामासाठी. आपल्याला दिसणारी ‘मोकळी मुंबई’ ही बहुतांशी विकली जाणारी मुंबई आहे.

रंगवलेला, उलटा आणि बनावट

काळ्यापांढऱ्या फोटोत मूळ रंगाची माहिती नसते. संगणकाने भरलेला रंग हा अंदाज, पुरावा नाही. तपकिरी छटेचंही तसंच; ती आज फोनवर एका टिचकीत येते.

काचेची निगेटिव्ह उलट्या बाजूने छापली की रस्ता आरशातला होतो. पाट्या वाचून बघा. पाट्या नसतील तर वाहनं कुठल्या बाजूने चाललीत ते बघा. कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘स्वच्छ’ केलेल्या प्रतीत पाट्यांवर कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं येतात आणि खिडक्यांची संख्या बदलते. निव्वळ बनावट चित्र असेल तर ट्रामचे रूळ कुठेच जाऊन मिळत नाहीत, आणि माहितीच्या इमारतीच्या कमानी मोजल्या तर कमीजास्त भरतात. गूगल लेन्स किंवा टिनआय अशा फोटोवरून फोटो शोधणाऱ्या साइटवर टाकून सर्वात जुनी, न रंगवलेली प्रत शोधा आणि तपासणी तिच्यावरच करा.

पोस्टकार्ड असेल तर मागच्या टपालाच्या शिक्क्यावर भाळू नका. शिक्का फक्त ‘याच्या नंतरचा नाही’ एवढं सांगतो. प्रकाशक एकच निगेटिव्ह दहा-दहा वर्षं छापत असत.

घरात असा फोटो निघाला तर

ओल्या किंवा कोरड्या फडक्याने पुसू नका, कडेला धरा. पोस्टकार्डाएवढा फोटो किमान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), त्याहून छोटा १२००ला स्कॅन करा; पाट्या वाचायला एवढं लागतं. फाइल टिफमध्ये ठेवा, पाठवायला वेगळी जेपीजी काढा. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि कागदाच्या कंपनीची छाप तिथेच असते. अल्बममधून उपटून काढू नका, शेजारचे फोटो हीसुद्धा माहिती आहे.

मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो आणि शाई झिरपते. ‘जुनी गिरगाव चौपाटी’ असं नको. कुठल्या नाक्यावरून, कुठल्या दिशेला, कुणी सांगितलं, आणि साल माहीत नसेल तर दोन टोकं: ‘१९६१ नंतर, १९६४ आधी’.